रानाला स्वैपाक सांगणारी बाळाक्का

बेळगावच्या शहापुरात आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्यातली निम्मी जागा मागाची. बा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा, आव्वा कांड्या भरायची, आणि मी भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचो. धोट्याची खटखट कानावर पडत असली की माझं गणित सुटायचं. खटखट थांबली की सुटायचं नाही. कारण ती थांबली म्हणजे पेठेतून सूत आलेलं नाही, आणि सूत नाही म्हणजे संध्याकाळी ज्वारीच्या कण्या, त्याही पातळ. असे दिवस वर्षातून कितीतरी यायचे. घरात कुणी आजारी नाही, कुणी मेलेलं नाही, तरी चार माणसं तोंडं मिटून बसलेली मी पाहिली आहेत. शांतता म्हटली की लोकांना देऊळ आठवतं. मला भूक आठवते. हे आधी सांगून ठेवतो.

मी मॅट्रिक झालो, तोवर आमच्या आळीतलं कुणी तिथवर पोचलं नव्हतं. ही बढाई नव्हे, आहे ते सांगतो. कॉलेजात जायची इच्छा होती, पण त्याच साली बाची नजर अधू झाली. ताण्यातला तुटलेला धागा त्याला दिसेना. बोटांनी चाचपून तो गाठ मारायचा. धाकटा भाऊ मागावर तयार व्हायला तीन वर्षं तरी लागणार होती. तेवढ्यात मला जंगल खात्यात कारकुनाची जागा मिळाली, कणकुंबीच्या नाक्यावर. तीन वर्षं मी घर ओढायचं, मग धाकट्यानं माग ओढायचा आणि मी कॉलेजात जायचं, असं ठरलं. निघताना आव्वा एवढंच म्हणाली, “हातपाय हायती तसं परत आण. बाकीचं बघू.”

जांबोटीपर्यंत मोटार होती, पुढं बैलगाडी. आषाढाचे दिवस. गाडीवान जांबोटी सुटल्यापासून अवाक्षर बोलला नव्हता, पण एका वळणावर त्यानं एकदम काठीनं गाडीची साटी बडवायला सुरुवात केली. मी विचारलं, काय झालं. तो हळूच म्हणाला, “केसाळ.” अस्वलाचं नाव त्या रानात कुणी घेत नाही, हे मला मागाहून कळलं. सापालाही तिथं लांबडं म्हणतात. वळण संपलं, बडवणं थांबलं, आणि गाडीवर सूत नसलेल्या दिवसासारखी शांतता पसरली.

नाक्यावर पहिला भेटला तो रामा गावडा, नाक्याचा रखवालदार. उजव्या अंगानं पाहिलं तर देखणा माणूस. डाव्या अंगाला गाल नव्हता, डोळा नव्हता. कानापासून हनुवटीपर्यंत कातडं ओढून शिवल्यासारखं दिसत होतं. मी नजर फिरवली. तो म्हणाला, “बघून घ्या, अण्णा. एकदा नीट बघितलं की मग रोज डोळा चुकवाय लागत न्हाय.” मग न विचारताच त्यानं सांगितलं, की अळंबी आणायला गेलतो, वारुळाच्या ह्या अंगाला मी आणि त्या अंगाला ते, दोघंबी गप.

त्या संध्याकाळी मला जेवण वाढलं ते बाळाक्कानं. नाक्याच्या मागं तिचं खोपट होतं, पुढ्यात भाताचा एक पट्टा. विधवा बाई, पन्नाशीची, अंगानं काटकुळी. नाक्यावर येईल त्या कारकुनाचं जेवण तिच्याकडं, अशी रीतच होती. पहिल्या आठ दिवसांत तिच्या तोंडून मी तीन शब्द ऐकले. ‘वाढू?’, ‘पुरे?’ आणि ‘जळू.’ तिसरा माझ्या पोटरीकडं बोट दाखवून. मी खाली पाहिलं तर अंगठ्याएवढी फुगलेली जळू, आणि माझा मला पत्ता नव्हता. तिनं चुन्याचं बोट लावून ती सोडवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं निपाणीच्या तंबाखूची पुडी ठेवली, पाण्यात भिजवून पायांना लावायला. बोलली काहीच नाही. तिला वाचाच कमी असावी, असं मी धरून चाललो.

नवव्या दिवशी झऱ्यावर अंघोळीला गेलो होतो. रानातून एका बाईचा खणखणीत आवाज येत होता. “हुलग्याचं माडगं केलंय. मीठ जरा पुढं झालंय. भाकरी नाचण्याच्या. कारकुनाला दोन वाढल्या, त्यानं दीड खाल्ली. पोराला घरची सय येतीया. अर्धी गाईला घातली. बाजूला सर बाबा, मोळी घिऊन येतोय आमी.” पाठोपाठ झाडीतून बाळाक्का बाहेर आली, डोक्यावर मोळी. एकटीच होती. मला पाहून ना लाजली, ना थांबली. वेशीवर एक शेंदूर फासलेला दगड होता. त्याच्या अलीकडं पाऊल पडलं आणि तिचं तोंड मिटलं.

मग मला तिची रीत कळली. दगडाच्या आत ती मुकी, दगडापलीकडं गेली की बोलकी. तिच्याशी चार शब्द बोलायचे तर रानात जावं लागे, आणि रानाची तर मला भीती. तरी गेलो. एकदा विचारलं, की अस्वलानं ऐकावं म्हणून बोलतेस हे ठीक, पण स्वैपाकच का सांगतेस. ती म्हणाली, “मग काय सांगू? गाणं म्हटलं तर ध्यान गाण्यात जातंय. देवाचं नाव घेतलं तर डोळं मिटत्यात. स्वैपाक सांगताना बाईचं डोळं उघडं ऱ्हात्यात, आप्पा.” आणि जरा पुढं गेल्यावर, “त्येचं घर हाय ते. आवाज न देता दुसऱ्याच्या घरात शिरतंय कोण? चोरच की.”

त्या गावात प्रत्येक चवीच्या आड काहीतरी दबा धरून बसलेलं असे. फणस पिकला की केसाळ झाडाखाली. करवंदाच्या जाळीत हात घालावा तर पानाच्या रंगाचं लांबडं. आषाढात ओढ्याचे खेकडे, आणि ते धरायला बिळात कोपरापर्यंत हात घालायचा. बाळाक्कानं मला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. बिळाच्या तोंडाशी ताजी माती उकरलेली असली तर खेकडा, तोंड गुळगुळीत असलं तर लांबडं. मी माझा हात कधी घातला नाही. तिचा पाहिला. एकदा खांद्यापर्यंत घातलेला हात तिनं फार सावकाश, पाणीसुद्धा हलू न देता बाहेर काढला आणि बिळाला म्हणाली, “तुझं चालू दे.” मग पुढच्या बिळाकडं गेली. मी मात्र काठावर चढून बसलो. त्या दुपारी खेकड्यांचं कालवण मी खाल्लं. भूक ही भीतीपेक्षा मला जुनी ओळखीची होती.

पण खरी भीती नागपंचमीची. आमच्या शहापुरात पंचमी म्हणजे झोके आणि उंडे, म्हणजे लाडू. शेंगांचे, तिळाचे, भाजल्या पिठाच्या तंबीटाचे. आव्वा सूत नसलेल्या वर्षीसुद्धा दोन तरी वळायची. कणकुंबीत उंडे होते, पण लोकांचं मन त्यांत नसायचं. श्रावणात त्याच दिवसांत वारुळांवर अळंबी फुटते. आज बोटाच्या टोकाएवढी, उद्या छत्रीएवढी, परवा कुजून चिखल. आणि पंचमीला वारुळाला हात लावायचा नाही, तव्याला नाही, विळीला नाही. म्हणजे पंचमीचा दिवसभर हात बांधून बसायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळं गाव एकदम रानात. दुपारी गावदेवीच्या देवळापुढं मोठ्या हंड्यात सगळ्यांची अळंबी शिजायची, भाजलेल्या खोबऱ्याकांद्याच्या वाटणात. ज्या घरानं जास्त आणली त्या घराचा मान. निवदानंतरचा पहिला घास त्या घराचा.

त्या एका घासापायी गाव वारुळं लपवायचं. अळंबी दर साली त्याच वारुळावर येते, त्यामुळं वारूळ ही घराची ठेव. मुलीला सांगायची नाही, ती परगावी जाणार. सुनेला सांगायची, पण सासू अंथरुणाला खिळल्यावर. त्यामुळं त्या सकाळी कुणी कुणाशी बोलत नसे. माझ्या पहिल्या वर्षी मी नाक्याच्या खिडकीतून पाहिलं. धुक्यात एकेक घोंगडी घरातून निघत होती, पाय न वाजवता, आणि प्रत्येक वेगळ्या वाटेनं झाडीत विरघळत होती. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी दाराला कडी घातली. सगळ्या डोंगरात एकच आवाज होता, बाळाक्काचा, अळूचं फदफदं कसं केलं ते सांगणारा. त्यामुळं तिचं वारूळ गावाला ठाऊक होतं. ती पोचायच्या आत कुणीतरी ते साफ करून जायचं. देवळात ती सागाच्या पानात मूठभर अळंबी घेऊन आली तेव्हा बायका हसल्या. एकजण म्हणाली, “बाळाक्काचं वारूळ म्हंजे गावाची धर्मशाळा.” तिनं पान हंड्यात रिकामं केलं.

दुसऱ्या वर्षी माझी भीती थोडी बोथट झाली होती, आणि तिच्या जागी शहाणपणा आला होता. हा बदल वाईट. नाक्यापासून अर्ध्या कोसावर, हिरड्याच्या झाडापाशी वाट फुटते तिथून डावीकडं, मला एक वारूळ सापडलं. कुणाच्याही पायाची खूण तिथं नव्हती. पंचमीच्या आदल्या दिवशी पाहिलं, तर पांढरे कोंब जोंधळ्याच्या लाह्यांसारखे दाट फुटलेले. मनात आलं, की परगावचा कारकून, दुसऱ्याच वर्षी एवढी अळंबी आणतो. पाटील स्वतः पहिला घास देईल. शहापुरात कुणी आम्हांला कसला मान दिलेला मला आठवत नव्हता. मी ठरवलं. बाळाक्कालासुद्धा सांगितलं नाही. तिला सांगितलं तर ती रानाला सांगणार, आणि रानाला सांगितलं की गावाला कळणार.

सकाळी उजाडताना निघालो. वाजू नये म्हणून चपला घातल्या नाहीत. छत्री करवंदीत अडकायला लागली तशी हिरड्याच्या फांदीला अडकवून ठेवली. धुकं असं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत. मागून, बरीच लांब, बाळाक्काचा आवाज येत होता. तिचं वारूळ उजव्या वाटेला, माझं डाव्या. मध्ये एकच टेकाड, दोन वाटा त्याच्या दोन अंगांनी जाणाऱ्या. तिला माझी चाहूल लागू नये म्हणून मी श्वासही तोंडानं घेत नव्हतो.

वारुळापाशी पोचायच्या आधी आवाज आला. कुणीतरी जोरानं फुंकर घातल्यासारखा, आणि लगेच गरम चहा बशीतून ओढल्यासारखा. फुंकर, ओढणं. फुंकर, ओढणं. धुकं जरा हललं आणि मला ते दिसलं. ओल्या गवताच्या गंजीएवढं काळं काहीतरी वारुळात तोंड घालून वाळवी ओढत बसलं होतं. त्याच्या पंजांखाली माझी अळंबी चुरडून पांढरा काला झाला होता. मी आणि ते यांच्यामध्ये फार तर दोन मागांचं अंतर असेल.

बाळाक्काचा आवाज जवळ येत होता. केसाळानं तोंड वर केलं, कान दिला. तिच्या अंगाला माणूस आहे, हे त्याला कळलं. मग ते शहाण्यासारखं त्या आवाजाकडं पाठ करून निघालं, जिकडं कुणी नाही तिकडं. म्हणजे माझ्याकडं. माझ्या अंगाला कुणी नाही, असं त्यानं धरलं होतं, आणि तसं मीच त्याला सांगितलं होतं, सकाळपासून, एकेका पावलानं.

ओरडावं असं वाटलं. सकाळपासून मिटलेलं तोंड उघडेना. मला आव्वाचं बोलणं आठवलं आणि रामाचा गाल. बाची बोटं आठवली, धागा चाचपणारी. मी असा फाटून घरी गेलो तर त्या खोलीत पुन्हा कधी खटखट ऐकू येणार नाही, एवढं एकच मला लख्ख कळत होतं. ते एक पाऊल पुढं आलं. आणखी एक.

आणि बाळाक्काचा आवाज थांबला.

रानात तिला गप्प झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आमच्या घरी माग थांबला की जसं व्हायचं तसंच झालं, फक्त त्याहून दसपट. केसाळही थबकलं. नाक वर करून ते हुंगायला लागलं. आता त्याला दोन्ही अंगांना काहीच नव्हतं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग टेकाडापलीकडून, अगदी हलक्या आवाजात, लेकराला उठवावं तशी हाक आली.

“आप्पा.”

केसाळाचे कान तिकडं वळले.

“आप्पा, हिरड्याला छत्री बघितली तुझी, आन त्येचं फुंकणं आयकलं. बोल. कायबी बोल. नाक्यावर लिवतोस त्ये बोल.”

आणि माझ्या तोंडातून शब्द आले. माझे नव्हते ते, सरकारी छापील कागदाचे होते. “परवाना. गाडीवानाचं नाव. राहणार. बैल दोन. माल सागवान, सोट बारा. कुठून, कणकुंबी. कुठं, बेळगाव.” केसाळ मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. छातीवरची पांढरी कोर मला दिसली, नखं दिसली. मी डोळे मिटले नाहीत, तेवढं मी शिकलो होतो. “माल किंजळ, सोट आठ. माल जांभा, सोट सहा.” पलीकडून बाळाक्कानंही सुरू केलं, पूर्ण आवाजात. नाचण्याच्या भाकरी, अळूचं फदफदं, वर फोडणी लसणाची. दोन अंगांना दोन माणसं आहेत, हे त्याला कळलं. तिसऱ्या अंगाला ओढा होता. ते खाली चौपायी आलं, एकदा फुत्कारलं आणि काटेरी झुडपं मोडत ओढ्याकडं उतरलं.

मी बोलतच राहिलो. ती येऊन माझा दंड धरेपर्यंत बोलत होतो. ती म्हणाली, “तेरा गाड्या पाठवल्यास, आप्पा. आता बस कर.” आणि खाली बसली. मीही बसलो.

मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं चुरडलेल्या अळंबीकडं बघत सांगितलं ते असं. बारा वर्षांमागं तिला मान हवा होता. चार वर्षं मान पाटलाच्या घरी जात होता आणि पाटलीण बोलून दाखवायची. तिच्या नवऱ्याला गात चालायची सवय. बैलामागं गायचा, रानात गायचा. ह्याच्या गाण्यानं वारूळ कळतंय, असं तिला वाटायचं.

“मीच म्हटलं त्येला, उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन. एक दिस तोंड मिटून जावा. कवाबी माझं आयकत नव्हता, आप्पा. त्या दिशी आयकलं.”

मग रिकामी पाटी उचलत म्हणाली, “गावात आता काय बोलू? जे बोलायचं नव्हतं ते तितंच बोलून बसले.”

दुपारी देवळापुढं हंडा चढला होता. बाळाक्का माझ्या हाताला धरून आली. दोघांच्याही पाट्या रिकाम्या. कुणीतरी म्हणालं, कारकुनाला पण तिचाच वाण लागला. हशा झाला. बाळाक्का वेशीच्या दगडाच्या आत होती, गावाच्या मधोमध, आणि ती बोलायला लागली. बारा वर्षं जो आवाज फक्त झाडांनी ऐकला होता, तो ऐकून हंडा ढवळणाऱ्या बाईचा हात थांबला. तिनं नवऱ्याला काय सांगितलं होतं ते सगळ्यांना सांगितलं, जसंच्या तसं. मग माझी सकाळ सांगितली. शेवटी म्हणाली, की माझं वारूळ तुमा सगळ्यांस्नी ठावं हाय, आता तुमचं सांगा, आन पुढल्या साली समदी मिळून बोलत जाऊ.

वारूळ सांगणं म्हणजे घराची कडी काढून ठेवणं. पाटील म्हणाला, “मग मान कुणाचा?”

“मान म्हंजे काय, पाटील, एक घास,” बाळाक्का म्हणाली. “जो सगळ्यांत मोठ्यानं बोलत येईल, त्येला द्या.”

तेव्हा रामा गावडा पुढं आला. आपलं वारूळ कुठं आहे ते त्यानं सांगितलं. अर्ध्या तोंडानं सांगितलं, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. त्याच्यामागून आणखी दोघांनी सांगितलं. बाकीची मान खाली घालून जेवली.

तिसऱ्या श्रावणात बारा घरं बोलत गेली. पाटलाची माणसं गप्पच निघाली होती, पण बारा घरांचा कालवा असा, की गप्प राहून त्यांचं काही लपेना. अर्ध्या वाटेवर तीही बोलायला लागली. या टेकाडावरून एक बाई विचारत होती, गूळ किती घातलास, आणि त्या टेकाडावरून दुसरी उत्तर देत होती. माझी भीती गेली होती असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी बाळाक्काच्या पदराला धरल्यासारखा चाललो होतो आणि सागाचे सोट मोजत होतो. पण फुंकर-ओढण्याचा आवाज त्या दिवशी कुणी ऐकला नाही. त्यानं आमचं आधीच ऐकलं होतं. पहिला घास रामाला मिळाला.

पुढल्या आषाढात तीन वर्षं भरली आणि मी नोकरी सोडली. धाकटा मागावर बसला, मी कोल्हापूरला कॉलेजात गेलो. निकाल लागला त्या श्रावणात जांबोटीच्या गाडीवानाकडून निरोप आला, की बाळाक्का हिवतापानं अंथरुणाला खिळलीय. मी आव्वानं वळलेले तंबीटाचे उंडे घेऊन गेलो. तिला तोंडात चव नव्हती. एक उंडा नुसता हातात धरून ठेवला. मी सांगितलं, बी. ए. झालो. तिनं विचारलं, म्हणजे काय करायचं असतं. म्हटलं, आता शाळेत शिकवणार. ती म्हणाली, “मग मोठ्यानं बोल. पोरं मागं बसल्याली असत्यात.” दोन दिवसांनी सकाळी ती गेली.

गावात मढं असलं की ते उचलेपर्यंत कुणाची चूल पेटत नाही. मसणवाट वेशीच्या दगडापलीकडं, ओढ्याच्या अंगाला, थेट त्या रानातून. आम्ही तिला उचलून दगडापर्यंत आणलं आणि तिथं सगळे थबकले. तिरडीबरोबर माणसं गप्प चालतात. पण ह्या बाईला घेऊन ह्या वाटेनं गप्प कसं जायचं, ते कुणाला कळेना. धुकं उतरत होतं.

रामा गावडा पुढं झाला. एका डोळ्यानं झाडीकडं बघून त्यानं हाक दिली, “बाजूला सर बाबा. आज कुणाच्या घरात चूल पेटली न्हाय. माडगं न्हाय, भाकरी न्हाय. बाळाक्काला आणलंय.”

मग मागच्यानं तेच म्हटलं. मग बायकांनी. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हटलं, पूर्ण आवाजात. चूल पेटली न्हाय, बाळाक्काला आणलंय. असं सांगत सांगत आम्ही तिला ओढ्यापर्यंत नेलं. वाटेत एक पानसुद्धा वावगं हललं नाही.

ती देवळापुढं बोलली त्या दिवसापासून आजवर कणकुंबीत अळंबीला गेलेलं एकही माणूस फाटून आलेलं नाही. शहापुरात धाकट्याचा माग चालू आहे. मी बी. ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला, आणि हातपाय होते तसे घरी परत आणले.